३८ स्टुडिओज : एका खेळनिर्मिती संस्थेचा उदय व अस्त आणि सार्वजनिक निधीचा प्रश्न

गोषवारा

व्हिडिओ गेम हा आज केवळ मुलांच्या करमणुकीचा विषय राहिलेला नसून तो भांडवल, तंत्रज्ञान, कला आणि मनुष्यबळ यांचा मोठ्या प्रमाणावर वापर करणारा उद्योग बनला आहे. या उद्योगातील संस्था अल्पावधीत उदयास येतात आणि पुष्कळदा तितक्याच वेगाने बंदही पडतात. अमेरिकेतील '३८ स्टुडिओज' ही संस्था २००६ मध्ये स्थापन झाली आणि २०१२ मध्ये दिवाळखोरीत निघाली. या सहा वर्षांच्या प्रवासात ऱ्होड आयलंड या छोट्या राज्याने ७ कोटी ५० लाख डॉलरच्या कर्जाला हमी दिली होती. त्यामुळे एका खासगी संस्थेचे अपयश संपूर्ण राज्याच्या करदात्यांचे अपयश ठरले. प्रस्तुत लेखात या संस्थेच्या उदयाची पार्श्वभूमी, तिच्या अर्थव्यवहाराचे स्वरूप, अस्ताची कारणे आणि त्यातून उद्योगधोरणाविषयी निघणारे निष्कर्ष यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : खेळनिर्मिती उद्योग, सार्वजनिक कर्जहमी, नैतिक दायित्व रोखे, दिवाळखोरी, उद्योगधोरण.

प्रस्तावना

कोणत्याही उद्योगात वस्तू तयार होण्यापूर्वी खर्च आणि विकल्यानंतर उत्पन्न हा क्रम असतो. कापड गिरणीत किंवा साखर कारखान्यात खर्च आणि उत्पन्न यांमधील अंतर काही आठवड्यांचे वा महिन्यांचे असते. व्हिडिओ गेमच्या निर्मितीत मात्र हे अंतर चार-पाच वर्षांचे असू शकते. या काळात शेकडो चित्रकार, संगणक अभियंते, लेखक व संगीतकार यांचे वेतन द्यावे लागते. परंतु एक पैसाही हाती येत नाही. अर्धवट राहिलेल्या खेळाला बाजारात जवळजवळ काहीच किंमत नसते. अर्धी बांधलेली इमारत दुसऱ्या बांधकाम व्यावसायिकाला विकता येते. अर्धा लिहिलेला खेळ मात्र तो लिहिणारी माणसे पांगली की निरुपयोगी ठरतो.

हे वैशिष्ट्य लक्षात घेतल्याशिवाय खेळनिर्मिती संस्था का कोसळतात, याचा उलगडा होत नाही. ३८ स्टुडिओजच्या उदाहरणात त्याला आणखी एक पदर आहे. येथे जोखीम खासगी गुंतवणूकदारांपुरती मर्यादित न राहता शासनाने ती स्वतःच्या शिरावर घेतली. म्हणूनच अर्थशास्त्र, वाणिज्य, राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन या सर्वच विषयांच्या अध्यापकांना हे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे.

संस्थेची स्थापना

कर्ट शिलिंग हा अमेरिकेतील बेसबॉलचा नामवंत खेळाडू. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचे जे स्थान, तेच बेसबॉलमध्ये पिचरचे असते आणि शिलिंग हा त्याच्या काळातील अग्रगण्य पिचर होता. २००४ मध्ये बोस्टन रेड सॉक्स या संघाने अनेक दशकांच्या प्रतीक्षेनंतर जागतिक मालिका जिंकली. त्या स्पर्धेत घोट्याच्या दुखापतीतून रक्त येत असतानाही शिलिंग खेळला आणि न्यू इंग्लंड प्रदेशात लोकनायक झाला. मैदानाबाहेर त्याला संगणकीय खेळांचा विलक्षण नाद होता. हजारो लोक महाजालाद्वारे एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी वावरतात, अशा प्रकारच्या खेळांकडे त्याचा विशेष ओढा होता.

या आवडीतून २००६ मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्स राज्यातील मेनार्ड या गावी 'ग्रीन मॉन्स्टर गेम्स' ही संस्था काढली. बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानातील उंच हिरव्या भिंतीवरून हे नाव घेतले होते. पुढे शिलिंगच्या पोशाखावरील क्रमांकावरून संस्थेचे नाव '३८ स्टुडिओज' असे ठेवण्यात आले. अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा लोकप्रिय लेखक आर. ए. साल्वाटोर याच्याकडे काल्पनिक जगाचा इतिहास रचण्याचे, तर चित्रकथाकार टॉड मॅकफार्लेन याच्याकडे दृश्यरचनेच्या दिग्दर्शनाचे काम सोपविण्यात आले.

संस्थेचे उद्दिष्ट महत्त्वाकांक्षी होते. ब्लिझार्ड या कंपनीने २००४ मध्ये बाजारात आणलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाचे वर्गणीदार २०१० मध्ये १ कोटी २० लाखांवर पोहोचले होते. अमेरिकेतील वर्गणीदार दरमहा सुमारे १५ डॉलर देत असे. असाच खेळ निर्माण करून त्या बाजारपेठेत वाटा मिळवावा, ही ३८ स्टुडिओजची मनीषा होती. या प्रकल्पाला 'कोपर्निकस' हे सांकेतिक नाव देण्यात आले.

येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. ब्लिझार्डने वॉरक्राफ्टचे हे जग उभे केले तेव्हा तिच्या पाठीशी यशस्वी खेळांचा दशकभराचा अनुभव आणि उत्पन्न होते. ३८ स्टुडिओजने तोपर्यंत एकही खेळ बाजारात आणलेला नव्हता. पहिलाच प्रयत्न सर्वांत अवघड आणि सर्वांत खर्चिक प्रकारात करण्याचा तिचा निर्णय होता.

२००९ च्या मे महिन्यात संस्थेने टीएचक्यू या प्रकाशक कंपनीकडून 'बिग ह्यूज गेम्स' हा मेरिलँड राज्यातील स्टुडिओ विकत घेतला. या स्टुडिओत आधीपासून एका भूमिकाप्रधान खेळाचे काम चालू होते. त्याला साल्वाटोरने रचलेल्या काल्पनिक जगाची जोड देऊन एकट्याने खेळावयाचा खेळ आधी बाजारात आणावा आणि त्यातून मुख्य प्रकल्पासाठी वातावरण तयार करावे, अशी योजना होती. योजना म्हणून ती सयुक्तिक होती. परंतु त्यामुळे दोन राज्यांतील दोन स्टुडिओंच्या वेतनाचा भार एकाच वेळी संस्थेवर आला.

ऱ्होड आयलंडची कर्जहमी

ऱ्होड आयलंड हे क्षेत्रफळाने अमेरिकेतील सर्वांत लहान राज्य असून जमिनीच्या क्षेत्रफळाने ते आपल्या गोव्यापेक्षाही लहान आहे. २०१० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या आसपास होती. एकेकाळी कापड आणि दागिने यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे राज्य जुने उद्योग लयाला गेल्यामुळे अडचणीत आले होते. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर तेथील बेकारीचे प्रमाण ११ टक्क्यांच्या घरात गेले. नव्या, ज्ञानाधिष्ठित उद्योगांची राज्याला निकड होती.

अशा परिस्थितीत २०१० च्या मार्च महिन्यात शिलिंगच्या घरी झालेल्या एका निधिसंकलनाच्या कार्यक्रमात राज्यपाल डोनाल्ड कार्सिएरी यांची त्याच्याशी भेट झाली. अमेरिकेत राज्यपाल हा लोकांनी निवडून दिलेला कार्यकारी प्रमुख असतो; आपल्याकडील मुख्यमंत्र्यांसारखे त्याचे अधिकार असतात. संस्थेने मॅसॅच्युसेट्समधून ऱ्होड आयलंडमध्ये यावे, असा प्रस्ताव पुढे आला. खुद्द मॅसॅच्युसेट्स शासनाने मात्र एवढी मोठी सवलत देण्याची तयारी दर्शविली नाही.

ऱ्होड आयलंडच्या विधिमंडळाने रोजगारनिर्मितीसाठी १२ कोटी ५० लाख डॉलरच्या कर्जहमीची तरतूद मंजूर केली. त्यातील ७ कोटी ५० लाख डॉलर एकट्या ३८ स्टुडिओजला देण्याचा निर्णय राज्याच्या आर्थिक विकास महामंडळाने २०१० च्या जुलैमध्ये घेतला. नियामक मंडळाच्या एका सदस्याने विरोध नोंदविला. बाकीच्यांनी संमती दिली. संस्थेने टप्प्याटप्प्याने ४५० नोकऱ्या राज्यात निर्माण कराव्यात, अशी अट घालण्यात आली. नोव्हेंबर २०१० मध्ये महामंडळाने रोखे विकून पैसा उभा केला आणि २०११ मध्ये संस्था प्रॉव्हिडन्स या राजधानीच्या शहरात स्थलांतरित झाली.

या रोख्यांचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. हे 'नैतिक दायित्व रोखे' होते. अशा रोख्यांची परतफेड करण्याचे बंधन राज्यावर कायद्याने नसते. कर्जदाराने पैसे भरले नाहीत, तर राज्यपालाने तेवढ्या रकमेची तरतूद विधिमंडळाकडे मागावी आणि विधिमंडळाने ती मंजूर करावी, एवढीच अपेक्षा असते. कागदोपत्री हे बंधन सैल दिसते. व्यवहारात मात्र राज्याने हात वर केले, तर पतमानांकन संस्था राज्याची पत खाली आणतात आणि पुढे शाळा, रस्ते, रुग्णालये यांसाठी घ्यावयाचे प्रत्येक कर्ज महाग होते. त्यामुळे 'नैतिक' हा शब्द दिसतो तितका सौम्य नसतो. राज्यघटनेनुसार सर्वसाधारण कर्जासाठी मतदारांचा कौल घ्यावा लागतो. या प्रकारात तोही घ्यावा लागला नाही.

अर्थव्यवहाराचे गणित

७ कोटी ५० लाख डॉलरपैकी संपूर्ण रक्कम संस्थेच्या हाती पडली नाही. राखीव निधी, सुरुवातीच्या काळातील व्याजाची तरतूद आणि विविध शुल्के वजा जाता संस्थेच्या वाट्याला सुमारे ५ कोटी डॉलर आले. खेळ पूर्ण करण्यासाठी संस्थेला प्रत्यक्षात ७ कोटी ५० लाख डॉलरची गरज होती. म्हणजे करार झाला त्याच दिवशी अडीच कोटी डॉलरची तूट अस्तित्वात होती. ही तूट रोखे खरेदी करणाऱ्यांपासून दडविण्यात आली, असा आरोप अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने २०१६ मध्ये महामंडळावर आणि रोखेविक्रीचे काम पाहणाऱ्या वेल्स फार्गोवर ठेवला.

संस्थेचा मासिक खर्च पुढे सुमारे ४० लाख डॉलरवर गेल्याचे वृत्त आहे. या दराने ५ कोटी डॉलरची रक्कम साधारणतः एक वर्ष पुरते. कर्जाचे हप्ते टप्प्याटप्प्याने मिळाले आणि सुरुवातीचा खर्च कमी होता, हे जमेस धरले तरी २०१२ च्या मध्यापर्यंत तिजोरी रिकामी होणार, हे साध्या भागाकाराने कळण्यासारखे होते. कोपर्निकस तर २०१३ च्या जूनपूर्वी बाजारात येण्याची शक्यता नव्हती. या दोन तारखांमधील एक वर्षाचे अंतर कोण भरून काढणार, या प्रश्नाचे उत्तर संस्थेकडे नव्हते आणि कर्जहमी देणाऱ्या शासनाकडेही नव्हते.

पहिला खेळ आणि अखेरची शंभर दिवसांची कहाणी

७ फेब्रुवारी २०१२ रोजी 'किंगडम्स ऑफ अमालूर : रेकनिंग' हा संस्थेचा पहिला खेळ उत्तर अमेरिकेत बाजारात आला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही त्याची प्रकाशक होती. समीक्षकांनी त्याचे बऱ्यापैकी स्वागत केले. पहिल्या नव्वद दिवसांत १२ लाख प्रती विकल्या गेल्याचे शिलिंगने सांगितले. नव्या खेळासाठी हा आकडा वाईट नाही. तथापि प्रकाशकाने निर्मितीसाठी दिलेली उचल आधी वसूल व्हावयाची होती. त्यामुळे विक्री होऊनही संस्थेच्या हाती रोख रक्कम आली नाही. खर्च भरून येण्यासाठी ३० लाख प्रती विकल्या जाणे आवश्यक होते, असे तत्कालीन राज्यपाल लिंकन चाफी यांनी नंतर सांगितले. चाफी हे कार्सिएरी यांच्यानंतर २०११ मध्ये पदावर आले होते आणि निवडणुकीपूर्वीपासूनच या कर्जहमीचे विरोधक होते.

१ मे २०१२ रोजी महामंडळाला देय असलेला ११ लाख २५ हजार डॉलरचा हप्ता संस्थेने भरला नाही. १४ मे रोजी संस्थेला तगवून धरण्याचे प्रयत्न चालू असल्याचे राज्यपालांनी जाहीरपणे सांगितले आणि तोपर्यंत दडून राहिलेली अडचण सर्वांसमोर आली. या वक्तव्यामुळेच संभाव्य गुंतवणूकदार मागे हटले, असे शिलिंगचे म्हणणे होते. तर लोकांच्या पैशाविषयी लोकांना सांगणे हे कर्तव्यच होते, अशी दुसरी बाजू मांडण्यात आली. १५ मे रोजी कर्मचाऱ्यांचे वेतन झाले नाही. १७ मे रोजी संस्थेने हप्त्याचा धनादेश दिला. परंतु खात्यात पुरेशी रक्कम नसल्यामुळे तो परत घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी हप्ता भरला गेला. चित्रपटनिर्मितीसाठी असलेल्या करसवलतीतून सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर उभे करण्याचा संस्थेचा प्रयत्न होता. राज्याने ती सवलत दिली नाही.

२४ मे २०१२ रोजी सर्व कर्मचाऱ्यांना ई-पत्राद्वारे कामावरून कमी करण्यात आले. ऱ्होड आयलंडमध्ये २८८ आणि मेरिलँडमध्ये ९१ अशा एकूण ३७९ जणांची नोकरी गेली. ७ जून रोजी संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. त्यात देणी १५ कोटी डॉलरहून अधिक आणि मालमत्ता सुमारे २ कोटी १७ लाख डॉलरची दाखविण्यात आली होती.

कर्मचाऱ्यांची स्थिती

अशा प्रकरणांची चर्चा बहुधा कर्ज, हमी आणि न्यायालयीन दावे यांभोवती फिरते. ज्यांच्या श्रमावर संस्था उभी होती, त्यांचा उल्लेख एका आकड्यापुरता होतो. येथे तसे करणे उचित होणार नाही. मॅसॅच्युसेट्समधून प्रॉव्हिडन्सला येताना अनेकांनी राहती घरे विकण्याची जबाबदारी संस्थेच्या स्थलांतर योजनेवर सोपविली होती. त्यांतील काहींना संस्था बुडाल्यानंतर कळले की आपले जुने घर विकले गेलेलेच नाही आणि त्यावरील कर्जाचे हप्ते अजूनही आपल्याच नावावर आहेत. वेतन थकलेले, आरोग्य विमा संपुष्टात आलेला आणि दोन घरांचा भार शिरावर, अशा अवस्थेत ही कुटुंबे सापडली.

संस्थेत कर्मचाऱ्यांना चांगले वेतन आणि उत्तम आरोग्य विमा दिला जात असे. मात्र पैसा संपत आल्याची स्पष्ट कल्पना त्यांना वेळेवर देण्यात आली नाही. ही माहिती दोन महिने आधी मिळाली असती, तर अनेकांना दुसरी नोकरी शोधण्यास अवधी मिळाला असता. दिवाळखोरीच्या कायद्यानुसार देणेकऱ्यांची क्रमवारी ठरलेली असते. थकीत वेतनाचा एक लहानसा भाग कर्मचाऱ्यांच्या हाती पडण्यास २०२१ साल उजाडले. उद्योगातील इतर कंपन्यांनी त्यांना सामावून घेण्याचा प्रयत्न केला, हेही नमूद केले पाहिजे. मेरिलँडमधील काही जणांना घेऊन एपिक गेम्सने २०१२ मध्ये 'इम्पॉसिबल स्टुडिओज' स्थापन केला. परंतु तोही २०१३ च्या फेब्रुवारीत बंद करण्यात आला.

करदात्यांवरील भार आणि उत्तरदायित्व

रोखे सव्याज फेडण्यासाठी ११ कोटी डॉलरहून अधिक रक्कम लागणार होती. ती भरावी की न भरावी, यावर विधिमंडळात तीव्र वाद झाला. मतदारांना न विचारता घेतलेले कर्ज मतदारांनी का फेडावे, हा प्रश्न रास्त होता. परंतु पतमानांकन घसरण्याच्या इशाऱ्यापुढे अखेर तरतूद मंजूर करावी लागली. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये राज्याने शिलिंग, महामंडळाचे माजी अधिकारी, वित्तीय सल्लागार व इतरांविरुद्ध दावा दाखल केला. २०१७ पर्यंत झालेल्या तडजोडींतून सुमारे ६ कोटी १० लाख डॉलर वसूल झाले. उर्वरित भार करदात्यांवर पडला. फौजदारी चौकशीअंती २०१६ मध्ये कोणावरही गुन्हा दाखल न करण्याचा निर्णय जाहीर झाला. शिलिंगने आपलेही ५ कोटी डॉलर बुडाल्याचे सांगितले आहे. त्याची निष्ठा खोटी होती, असे म्हणता येत नाही. मात्र निष्ठा हे कर्जाचे तारण होऊ शकत नाही.

तारण म्हणून राज्याकडे संस्थेची बौद्धिक संपदा होती. २०१३ च्या अखेरीस तिचा लिलाव पुकारला असता कोपर्निकसला स्वीकारार्ह बोली मिळाली नाही. अर्धवट खेळाच्या मूल्याविषयी प्रारंभी केलेले विधान येथे प्रत्ययास येते. २०१८ मध्ये टीएचक्यू नॉर्डिक या कंपनीने अमालूरचे हक्क घेतले आणि २०२० मध्ये पहिल्या खेळाची सुधारित आवृत्ती प्रकाशित केली. पूर्ण झालेला खेळ टिकून राहिला, अपूर्ण राहिलेला मात्र लोकांनी कधीच पाहिला नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. संस्थेचा अस्त कलागुणांच्या अभावी झाला नाही. तिने तयार केलेला खेळ लोकांनी विकत घेतला. खर्च आणि उत्पन्न यांमधील कालावधीचा मेळ न बसल्यामुळे ती कोसळली.

२. बाजारपेठ स्थिर राहील, हे गृहीतक धोक्याचे ठरले. २०१० ते २०१२ या काळात मासिक वर्गणीची पद्धत मागे पडून विनामूल्य खेळांची पद्धत रूढ होऊ लागली होती. मोठ्या खर्चाने २०११ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या 'स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक' या खेळालाही वर्षभरात ती स्वीकारावी लागली.

३. शासनाने एकाच संस्थेवर तरतुदीचा मोठा हिस्सा लावला. हीच रक्कम अनेक लहान उद्योगांत विभागली असती, तर त्यांतील काही बुडाले असते आणि काही तगले असते.

४. खासगी गुंतवणूकदार ज्या प्रकल्पात पुरेसे भांडवल घालण्यास धजावत नाहीत, त्यात शासनाने का उतरावे, याचे उत्तर लेखी आणि जाहीर असले पाहिजे. प्रसिद्ध व्यक्तीचे नाव हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

५. नोकऱ्यांच्या संख्येची अट रोजगाराच्या टिकाऊपणाची हमी देत नाही. उलट उत्पन्न सुरू होण्यापूर्वीच कर्मचारीसंख्या वाढविण्याचा दबाव या अटीमुळे संस्थेवर आला असणे संभवते.

समारोप

नव्या उद्योगांना प्रोत्साहन देणे हे शासनाचे योग्य कार्य आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. ऱ्होड आयलंडपुढील बेकारीचा प्रश्न खरा होता आणि तो सोडविण्याची तळमळही खरी होती. परंतु तळमळीला हिशेबाची जोड नसेल, तर तिची किंमत निर्णय घेणाऱ्यांना मोजावी लागत नाही. ती वेतन थकलेल्या कर्मचाऱ्याला आणि ज्याने तो खेळ कधी पाहिलाही नाही, अशा सामान्य करदात्याला मोजावी लागते. जुलै २०१० मधील त्या बैठकीत विरोधी मत नोंदविणारा सदस्य एकटा होता. अशा मताला किती वेळ आणि किती वाव दिला जातो, यावर सार्वजनिक निर्णयांची गुणवत्ता अवलंबून असते, हाच या प्रकरणाचा मुख्य बोध म्हणता येईल.